डॉर्निअर २२८, प्रमाण १:१० : दोन मोटरींच्या आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४ : विमान का हेच, आणि आकडे

दोन मोटरींचं पहिलं मॉडेल म्हटलं की लोक मॉस्किटो नाहीतर पी-३८ ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं काढून बसतात. दोन्ही सुंदर, पण निमुळते पंख, जड पंखभार (पंखाच्या क्षेत्रफळामागे येणारं वजन) आणि चूक पोटात घालण्याची तयारी शून्य. डॉर्निअर २२८ त्यामानाने सोयीचं. फ्युजलाज (विमानाचं धड) चौकोनी, पंख वर, मधला पंख सरळ आयताकृती, चाकं आत घेण्याची यंत्रणा मॉडेलमध्ये टाळली तरी डोळ्याला फारसं खटकत नाही. शिवाय हे विमान आपल्याकडचं. परवान्यावर कानपूरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनतं, नौदल आणि तटरक्षक दल दोघांकडे आहे, आणि गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसावर उतरताना अनेकांनी ते पाहिलेलं असतं. रंगसंगतीसाठी फोटोंची वाण नाही.

मूळ विमानाचा पंखविस्तार १६.९७ मीटर, लांबी १६.५६ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. १:१० केलं की १७०० मिमी विस्तार आणि ३२ चौरस डेसिमीटर क्षेत्रफळ. वजन २.२ किलोच्या आसपास ठेवायचं ठरवलं, म्हणजे पंखभार ७० ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. या आकाराला हे जरा जड, पण उडण्याजोगं. पुणे परिसराची उंची साधारण ५६० मीटर, म्हणून हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरून स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाही) सेकंदाला १०.७ मीटर येतो, तासाला ३८ किमी. हा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

६ ऑक्टोबर : मोटर आणि प्रॉप

बाजारात सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी मोटर म्हणजे २२१२ आकाराची, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), सोबत १०×४.५ (इंचांत व्यास × पिच) चे ड्रोनचे प्रॉप (पंखे). थ्रस्ट (ओढा) कागदावर पुरेसा दिसतो. अडचण पिचची, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप जितका पुढे जाईल त्या अंतराची आहे. ८००० आरपीएमला ४.५ इंच पिच म्हणजे प्रॉपचा सैद्धांतिक वेग सेकंदाला १५ मीटर, स्टॉलच्या जेमतेम दीडपट. असं विमान जमिनीवर जोरात ओढतं आणि हवेत गेलं की दम संपतो. ड्रोनला पुढे धावायचं नसतं, विमानाला असतं.

म्हणून २८१४ आकाराच्या ११०० केव्हीच्या दोन मोटरी, तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) आणि ९×६ चे इलेक्ट्रिक प्रॉप. ९४०० आरपीएमला पिचवेग सेकंदाला २४ मीटर, स्टॉलच्या सव्वादोन पट. प्रत्येक मोटरला २१ अँपिअर आणि ९२० ग्रॅमच्या आसपास थ्रस्ट अपेक्षित. ईएससी (मोटरचा वेग ठरवणारे नियंत्रक) ४० अँपिअरचे, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, शक्यतो एकाच खोक्यातले. इथे दोनशे रुपये वाचवण्यासाठी घरात पडलेला एक जुना ईएससी वापरायचा मोह आवरावा. पुढची निम्मी डोकेदुखी त्यातूनच येते.

मूळ विमानाचा प्रॉप २.७ मीटर व्यासाचा, चार पात्यांचा. म्हणजे प्रमाणात साधारण साडेदहा इंच हवा. ९ इंच दोन पात्यांचा जरा लहान दिसतो, पण फिरताना कळत नाही.

१२ ऑक्टोबर : पंखाचा मधला भाग

पंख तीन तुकड्यांत: मधला ७०० मिमीचा, बाहेरचे दोन. दोन्ही नॅसेल (मोटरींची घरं) मधल्या भागावर कायमचे. त्यामुळे जास्त करंटच्या वायरी कधीच सोडवाव्या लागत नाहीत. मैदानावर फक्त एलेरॉनचे (विमान कलवणारे पंखावरचे पट्टे) सर्वो (ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी) प्लग जोडायचे.

स्पार (पंखाचा कणा) म्हणजे १० मिमी बाहेरचा, ८ मिमी आतला व्यास असलेली कार्बनची नळी, मधल्या भागात पूर्ण ७०० मिमी. बाहेरच्या पंखांतून ८ मिमीची नळी निघते आणि तिच्या आत १५० मिमी शिरते. बहुतेक वेळा ती घट्ट बसते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावी, आणि घासताना मास्क हवाच. कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट.

पंखाची कातडी ५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलसारख्या, पण दाट) फोमशीटची. कॉर्ड (पंखाची पुढून मागची रुंदी) १९५ मिमी, जाडी १२ टक्के म्हणजे २३ मिमी, दोन्ही बाजूंची शीट वजा केली की आत १३ मिमी उरतात. नळी त्यात नीट मावते. वाकवण्याआधी शीटला पॅकिंगची चिकटपट्टी लावून टेबलाच्या कडेवरून हळूहळू ओढली की चीर पडत नाही.

गोंदाबद्दल एकदाच: साधा सीए गोंद किंवा फेविक्विक एक्सपीएस खातो. फोमसाठीचा सीए, पीयू गोंद किंवा इपॉक्सी, एवढंच चालतं. नळी आणि रिब (पंखाला आकार देणारी फासळी) यांच्या जोडाला ३० मिनिटांचं इपॉक्सी. पाच मिनिटांचं इपॉक्सी जाड थरात गरम होतं आणि फोम आतून बसतो.

१९ ऑक्टोबर : नॅसेल, फायरवॉल आणि कोन

नॅसेलची पेटी ३ मिमी लाइट प्लायची, फायरवॉल (मोटर बसते ती पाटी) ३ मिमी बर्च प्लायची. पेटीचे दोन्ही उभे पट्टे मागे स्पारपर्यंत जाऊन नळीला कवेत घेतात. मोटरचा ओढा फोमवर यायलाच नको, थेट कार्बनवर जायला हवा. फायरवॉलच्या चारही कडांना आतून ८ मिमीची त्रिकोणी बाल्सा पट्टी. एम३ स्क्रू, मागे टी-नट, स्क्रूला निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद).

मोटरचा मध्य फ्युजलाजच्या मध्यरेषेपासून २४० मिमी. ९ इंची प्रॉपची त्रिज्या ११४ मिमी, फ्युजलाजची अर्धी रुंदी ८० मिमी, म्हणजे टोक आणि भिंत यांत ४६ मिमी मोकळे.

आता बाहेर झुकवण्याचा प्रश्न. दोन मोटरींच्या मॉडेलमध्ये मोटरी दोन-तीन अंश बाहेर वळवाव्यात, एक बंद पडली तर विमान कमी वळतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. गणित करून पाहिलं. मोटर सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) १५० मिमी पुढे आणि २४० मिमी बाजूला आहे. तीन अंश बाहेर वळवली की वळवणारा हात २४० चा २३२ मिमी होतो. तीन टक्के फरक. मोटर सीजीच्या बरीच पुढे असलेल्या विमानांत फायदा दिसेल. इथे तो नगण्य. तरी दीड अंश ठेवला आहे, कारण त्यात तोटा नाही. खरं काम दोन्ही बाजूंचा कोन एकसारखा असण्याचं आहे. तपासणी सोपी: फायरवॉलला ३०० मिमीची सरळ पट्टी लावून तिच्या दोन्ही टोकांपासून फ्युजलाजच्या शेपटीच्या टोकापर्यंत दोरीने अंतर मोजायचं, आणि डाव्या-उजव्या नॅसेलची मापं जोडीने ताडून पाहायची. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर वॉशर.

ईएससी नॅसेलमध्येच, मोटरच्या मागे. हवा आत येण्याची जागा ४ चौरस सेमी, बाहेर जाण्याची ८. आत येणारी जागा मोठी ठेवून बाहेरची विसरणं हा नेहमीचा प्रकार, आणि मग ईएससी बंद डब्यात शिजतो.

२६ ऑक्टोबर : वायरिंग

बॅटरी नाकात, ईएससी पंखात. म्हणजे कुठली तरी वायर लांब करावीच लागते. बॅटरी आणि ईएससी यांच्यातली वायर लांबवली की तिचं इंडक्टन्स वाढतं, दर स्विचिंगला व्होल्टेजचे टोचे येतात, आणि ईएससीवरचे छोटे कपॅसिटर ते गिळता गिळता फुगतात. हे लगेच कळत नाही. काही उड्डाणांनंतर ईएससी अचानक जातो. हॉबीतला रूढ नियम असा: मूळ वायरीपेक्षा दर १० सेमी जास्त लांबीला २२० मायक्रोफॅरडचा, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर. इथे २० सेमी जास्त आहे, म्हणून प्रत्येक ईएससीच्या तोंडाशी २२० चे दोन, ३५ व्होल्टचे. ध्रुव तपासून लावावेत. उलटा लावला तर फटाका.

बॅटरीकडे एक्सटी६०, तिथून १२ गेजच्या वायरीतून दोन फाटे, प्रत्येक फाटा १४ गेजचा. एकूण ४२ अँपिअरला एक्सटी६० पुरतो.

सर्वो सात: एलेरॉन दोन, फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणारे पंखाच्या मागचे पट्टे) दोन, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा), नाकचाक. सगळे ९ ग्रॅमचे, धातूच्या गिअरचे. ईएससीमधल्या बीईसीवर (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणाऱ्या भागावर) हा भार टाकायचा नाही. वेगळा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी (सुटा बीईसी) बसवला आणि दोन्ही ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली लाल पिन काढून टेपने गुंडाळली. दोन बीईसी समांतर जोडले की एक जण सगळा भार उचलतो आणि दुसरा त्याच्याशी भांडतो. लाल काढली तरी काळी (काही ठिकाणी तपकिरी) वायर मात्र जागेवरच हवी. ती तुटली तर सिग्नलला संदर्भच राहत नाही आणि मोटर मनाला येईल तशी वागते.

थ्रॉटलच्या सिग्नल वायरी पिळून, बॅटरीच्या वायरींपासून शक्य तितक्या लांब, पंखाच्या मागच्या कडेने आणल्या आहेत.

९ नोव्हेंबर : फिरण्याची दिशा

दिवाळीत कुरिअर अडकल्याने उलटा प्रॉप उशिरा आला. दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरवले तरी मॉडेल उडतं, मूळ विमानातही तसेच फिरतात. पण उलटसुलट फिरवले की दोघांचा टॉर्क एकमेकांना खातो आणि टेकऑफला रडर कमी लागतो. मागून पाहिलं तर डावा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, उजवा उलट. म्हणजे वरचं पातं फ्युजलाजकडे येतं आणि फ्युजलाजच्या बाजूचं पातं खाली जातं. नाक वर असताना खाली जाणारं पातं जास्त ओढतं, त्यामुळे ओढ्याचा मध्य आत सरकतो आणि एक मोटर गेली तर वळवणारा हात थोडा कमी राहतो. दिशा उलटी केली तर नेमकं उलट होतं.

उजवी मोटर उलटी फिरवायला तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल. प्रॉप मात्र खरोखर उलट्या घडणीचा हवा, नावापुढे ‘पी’ असलेला. साधा प्रॉप पालथा बसवून काम होत नाही: पालथा केल्याने त्याची दिशा बदलत नाही, फक्त पात्याचा फुगीर भाग चुकीच्या बाजूला जातो.

नटाकडे लक्ष. साध्या दिशेला मोटर झटकन वेग घेते तेव्हा नट जडत्वाने मागे राहतो आणि आवळला जातो. उजव्या मोटरीवर तोच उजव्या आट्याचा नट दर झटक्याला सैल होतो. तिथे नायलॉनचा लॉकनट लावला आणि दर उड्डाणाआधी पाना लावून तपासायचं, हे पेटीच्या झाकणावर लिहून ठेवलं आहे.

१६ नोव्हेंबर : ईएससी जुळवणे

दोन्ही ईएससी एकाच प्रोग्रॅम कार्डाने सेट: ब्रेक बंद, स्टार्ट नॉर्मल, टायमिंग मध्यम, कटऑफ (बॅटरी उतरली की मोटर बंद करणं) सौम्य, सेलला ३.० व्होल्ट. एकाचा ब्रेक चालू आणि दुसऱ्याचा बंद राहिला तर थ्रॉटल बंद केल्यावर एक प्रॉप थांबतो, दुसरा वाऱ्यावर फिरत राहतो. दोघांचा अवरोध वेगळा, आणि विमान लँडिंगच्या वेळी एका बाजूला तोंड फिरवतं.

डावा ईएससी चॅनेल ३ वर, उजवा चॅनेल ६ वर, मिक्सने (एका चॅनेलचा हुकूम दुसऱ्यालाही देणारी ट्रान्समीटरची सोय) ३ → ६ शंभर टक्के. वाय-लीडपेक्षा (एका सिग्नलचे दोन फाटे करणाऱ्या वायरीपेक्षा) हे बरं, कारण बाजू वेगवेगळ्या जुळवता येतात. सहाव्या चॅनेलला दुसरा कुठलाही नॉब किंवा स्विच जोडलेला नाही ना, ते आधी पाहावं. थ्रॉटल रेंज दोघांना एकाच वेळी शिकवली: प्रॉप काढून, स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडणे, बीपनंतर स्टिक खाली.

आरपीएम मोजायला ऑप्टिकल टॅकोमीटर. हे उपकरण ट्यूबलाइटखाली वापरू नये. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि दोन पात्यांच्या सेटिंगला टॅको शांतपणे ३००० दाखवतो, मोटर बंद असली तरी. मोजमाप उन्हात.

मध्यावर डावी ६१८०, उजवी ६३२०. पूर्ण थ्रॉटलला डावी ९३८०, उजवी ९४६०. चॅनेल ६ चा वरचा एंड-पॉइंट (हुकुमाची मर्यादा) २ टक्क्यांनी कमी करून पूर्ण थ्रॉटलचा फरक ३० च्या आत आणला. मध्यावरचाही बराच मिटला. त्याहून जास्त कोरत बसण्यात अर्थ नाही. कानानेही कळतं: दोन पात्यांच्या प्रॉपमध्ये ६० आरपीएमचा फरक असेल तर आवाज सेकंदाला दोनदा वर-खाली होतो. तो घुमका दोन-तीन सेकंदांना एकदा येईल इतपत आणला की पुरे.

२३ नोव्हेंबर : उजवी मोटर अडखळते

दोष असा: ७० टक्क्यांच्या वर थ्रॉटल नेला की उजव्या बाजूला खरखर, मोटर क्षणभर सुटते, पुन्हा पकडते. प्रॉप काढला की पूर्ण थ्रॉटललाही सुरळीत. म्हणजे दोष भाराखाली येतो. पहिला संशय नेहमी टायमिंगवर जातो आणि लोक कार्ड घेऊन सेटिंग बदलत बसतात. त्याआधी अदलाबदल करून पाहावी.

प्रॉप बदलला, दोष कायम. दोन्ही ईएससीची अदलाबदल केली, दोष उजव्याच बाजूला राहिला. म्हणजे ईएससी निर्दोष; दोष मोटरमध्ये किंवा तिच्या बुलेट कनेक्टरमध्ये (मोटर-ईएससी जोडणाऱ्या गोल पिनेत). मल्टीमीटरने मोटरची वाइंडिंग मोजून काही हाती लागत नाही. रोध पन्नासेक मिलिओम, मीटरच्या प्रोबचाच त्याहून जास्त. म्हणून बेंच पॉवर सप्लाय १ अँपिअरवर बांधून दोन-दोन फेजमधून करंट सोडला आणि बुलेटच्या बाहेरच्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजले. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओम.

डावी मोटर: तिन्ही जोड्या ५२ ते ५३. उजवी: पहिली-दुसरी ७१, दुसरी-तिसरी ७२, तिसरी-पहिली ५२. दुसरी वायर ज्या दोन जोड्यांत आहे त्या दोन्ही १९-२० ने जास्त. वाइंडिंग ठीक, दुसऱ्या वायरीचा जोड खराब.

त्या बुलेटची हीटश्रिंक कापली. डाखाचा (सोल्डरचा) पृष्ठभाग मळकट, दाणेदार, आणि डाख कपाच्या फक्त काठाला चिकटलेला. वायर जरा पिळून ओढली तर सगळी डाखाची गोळी टोपीसारखी निघून आली. कपाचा तळ कोरा, सोनेरी. २५-४० वॉटच्या बारीक टोकाच्या डाखाच्या इस्त्रीने ३.५ मिमीचा बुलेट आणि जाड सिलिकॉन वायर दोन्ही एकदम गरम होत नाहीत. वायर सगळी उष्णता पळवते, डाख वितळतो पण धरत नाही. म्हणून इस्त्री ६० वॉटची, रुंद छिन्नी टोकाची. बुलेट लाकडाच्या फळीतल्या भोकात उभा. आधी कप निम्मा डाखाने भरायचा, वायरीचं टोक वेगळं डाखवून घ्यायचं, मग दोन्ही वितळलेले असताना वायर खाली दाबून इस्त्री काढायची आणि डाख गोठेपर्यंत हलवायचं नाही. चमक टिकली तर जोड झाला. पुन्हा मोजल्यावर तिन्ही जोड्या ५२-५३, आणि पूर्ण थ्रॉटलला खरखर नाही.

उरलेले पाच बुलेटही याच पद्धतीने मोजले. दोन मोटरींमध्ये असे सहा जोड असतात, आणि विमान त्यातल्या सगळ्यात वाईट जोडावर उडतं.

३० नोव्हेंबर : वॉटमीटर, तापमान, कटऑफ

भरलेल्या बॅटरीवर एकेक मोटर: डावी २१.३, उजवी २१.१ अँपिअर. दोन्ही एकत्र: ४०.८, व्होल्टेज १०.७ पर्यंत खाली. एकेकट्या आकड्यांची बेरीज एकत्र आकड्यापेक्षा जास्त येते, कारण दोन्ही चालल्या की बॅटरी जास्त दबते. यात दोष शोधू नये.

पूर्ण थ्रॉटलला एक मिनिट चालवून ईएससी: डावा ५८ अंश, उजवा ६१. हवेत यापेक्षा थंड राहतील.

बॅटरी एकच, तीन सेल ५००० एमएएच. प्रत्येक मोटरला वेगळी बॅटरी देण्याचा विचार मोडीत काढावा. एक आधी संपते आणि त्याच क्षणी विमान एका मोटरीवर येतं. एकाच बॅटरीतही धोका उरतो, कारण दोन ईएससी व्होल्टेज थोडं वेगळं वाचतात आणि एक आधी कटऑफ करतो. म्हणून कटऑफपर्यंत जायचंच नाही: ट्रान्समीटरचा टायमर ९ मिनिटांवर, आणि विमानात सेलला ३.५ व्होल्टवर ओरडणारा लिपो अलार्म.

७ डिसेंबर : फेलसेफ

फेलसेफ म्हणजे सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते आधी ठरवून देणं. ही चाचणी पंधरा मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. प्रॉप काढून, दोन्ही मोटरी मध्यावर चालवून ट्रान्समीटर बंद केला. डावी थांबली. उजवी चालूच राहिली. कारण फेलसेफ फक्त चॅनेल ३ ला दिला होता, आणि सिग्नल गेला की मिक्स ट्रान्समीटरमध्येच राहतो. रिसीव्हर चॅनेल ६ ला शेवटची मिळालेली किंमत धरून बसतो. हवेत हे झालं तर सिग्नल गेलेला आणि एक मोटर जोरात, म्हणजे थेट स्पिन.

चॅनेल ६ ला वेगळा फेलसेफ दिला: थ्रॉटल शून्य. थ्रॉटल-होल्डच्या स्विचचीही अशीच परीक्षा घेतली. दोन्ही मोटरी बंद होतात. मॉडेलची मेमरी बदलली किंवा रिसीव्हर नव्याने बाइंड केला (ट्रान्समीटरशी जोडला) की ही चाचणी पुन्हा.

१४ डिसेंबर : वजन आणि सीजी

उड्डाणाचं वजन २२४० ग्रॅम. त्यात मोटरी २१०, ईएससी ७६, बॅटरी ३९०, वायरी आणि कनेक्टर ११५, चाकं १४०. बाकी सांगाडा, सर्वो, रंग. वायरींचं वजन बहुतेकांच्या हिशेबात नसतं.

सीजी पुढच्या कडेपासून ५३ मिमी, म्हणजे कॉर्डच्या २७ टक्क्यांवर. बॅटरी नाकात पूर्ण पुढे सरकवून हे जमतं, शिशाची गरज पडली नाही. आडवा तोलही पाहावा: विमान नाक आणि शेपटीच्या टोकाला दोऱ्यांनी टांगल्यावर उजवा पंख खाली जात होता, डाव्या टोकात ८ ग्रॅम.

२१ डिसेंबर : एक मोटर गेली तर, कागदावर

एक मोटर ९२० ग्रॅम ओढते, हात २४ सेमी. रडर आणि फिन (शेपटीचा उभा पंख) सीजीपासून ८० सेमी मागे. म्हणजे शेपटीला बाजूने २७६ ग्रॅमचा जोर लावावा लागेल. फिन आणि रडर मिळून ३.६ चौरस डेसिमीटर. रडर पूर्ण दाबल्यावर लिफ्ट गुणांक ०.६५ धरला तर हा जोर सेकंदाला १४.५ मीटर वेगाला मिळतो, तासाला ५२ किमी. स्टॉल ३८ ला. म्हणजे ३८ ते ५२ च्या पट्ट्यात विमान उडत असतं पण एका मोटरीच्या पूर्ण जोरापुढे रडर हरतो. टेकऑफनंतरची चढाई नेमकी याच पट्ट्यात होते.

आता तीच मोटर ४०० ग्रॅमवर आणली, म्हणजे सुमारे ६२०० आरपीएम. लागणारा वेग सेकंदाला ९.६ मीटर, स्टॉलच्याही खाली. अर्थात अर्ध्या थ्रॉटलला विमान स्टॉल होईपर्यंत रडरच्या ताब्यात राहतं. आणि पातळी टिकवायला ४०० ग्रॅम जेमतेम पुरतात.

म्हणून क्रम असा: आधी थ्रॉटल अर्ध्यावर, मग रडर, मग नाक थोडं खाली. कोणती मोटर गेली हे ओळखत बसायचं नाही. चढायचं नाही, फिरून पुन्हा अप्रोच करायचा नाही. समोर जे मोकळं असेल तिथे उतरायचं. मोटर गेल्यावर थ्रॉटल पुढे ढकलण्याची जी स्वाभाविक ऊर्मी येते, तिनेच बहुतेक जुळी मॉडेल्स पालथी पडतात.

४ जानेवारी २०२५ : पहिलं उड्डाण

मैदान निवडताना डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी हवाई हद्दीचा नकाशा पाहिला. लोहगावच्या विमानतळामुळे शहराच्या आसपासचा मोठा भाग बाद होतो. सकाळी साडेसात, वारा नगण्य.

रडर-थ्रॉटल मिक्स फक्त टॅक्सीसाठी, स्विचवर, २० टक्के, तोही फक्त आतली मोटर कमी करणारा. बाहेरची वाढवणारा ठेवू नये. टेकऑफआधी स्विच बंद.

थ्रॉटल दोन सेकंदांत हळू पूर्णावर, ३० मीटरच्या आत चाकं सुटली. ट्रिम: एलिव्हेटर दोन टिक खाली, एलेरॉन एक टिक उजवीकडे. पूर्ण थ्रॉटल दिला की नाक खाली जातं, कारण मोटरी पंखाच्या पातळीवर, सीजीच्या सहा-साडेसहा सेमी वर आहेत. थ्रॉटल → एलिव्हेटर मिक्स ४ टक्के वर. ८ मिनिटांच्या उड्डाणात २९०० एमएएच.

एक गोष्ट खटकली: थ्रॉटल झटकन उघडला की नाक क्षणभर उजवीकडे जातं, मग सरळ. स्थिर आरपीएम तर जुळलेले. खाली आल्यावर कार्ड लावून पाहिलं: उजव्या ईएससीचा स्टार्ट मोड ‘सॉफ्ट’. २३ नोव्हेंबरच्या अदलाबदलीनंतर त्याचं सेटिंग पुसलं गेलं असावं. नॉर्मल केला, दोष गेला. ईएससी काढला, बदलला किंवा फर्मवेअरला हात लावला की दोन्ही कार्डावर पुन्हा वाचून घ्यावेत.

११ जानेवारी : एक मोटर बंद करून

उजवी मोटर बंद करणारा स्विच ठेवला, ६० मीटर उंचीवर, विमान आपल्यापासून दूर आणि वाऱ्याच्या तोंडावर. अर्ध्या थ्रॉटलला बंद: नाक १५ अंशांपर्यंत उजवीकडे, एक तृतीयांश रडरने सरळ. एलेरॉनने पंख उचलण्याचा मोह टाळावा. खाली गेलेला एलेरॉन त्याच बाजूला अवरोध वाढवतो आणि वळण पक्कं होतं. सरळ रेषेत उंची जवळजवळ टिकली, वळणात कमी झाली. चालू मोटरीच्या दिशेने, म्हणजे डावीकडे, वळणं सोपी. उजवीकडे वळवलं की बाहेर येताना रडर अपुरा वाटतो.

७० टक्के थ्रॉटल आणि कमी वेगाला तोच प्रयोग: पूर्ण डावा रडर दिला तरी नाक सरकत राहिलं आणि उजवा पंख खाली गेला. थ्रॉटल मागे घेताच सरळ. आकडे जुळले.

१८ जानेवारी : फ्लॅप

फ्लॅप १५ अंश टेकऑफला, ३५ लँडिंगला. फ्लॅप प्रॉपच्या झोतात असल्याने थ्रॉटल चालू असताना नाक जोरात वर, बंद केला की तेवढं नाही. मिक्स थ्रॉटल बंद असतानाच्या गरजेवर बसवला: १५ अंशांना एलिव्हेटर २ मिमी खाली, ३५ ला ४ मिमी, फ्लॅप दोन सेकंदांत सावकाश उघडणारे. पूर्ण फ्लॅपवर अप्रोच फसला तर आधी थ्रॉटल, नाक दाबून धरायचं, मग फ्लॅप १५ वर. एकदम शून्यावर आणले की विमान बसतं.

सध्याचे हलन: एलेरॉन वर १४ मिमी, खाली ८, एलिव्हेटर दोन्हीकडे १२, रडर २५. नाकचाकाच्या स्टीलच्या तारेला वाक आला आहे, ३ मिमीऐवजी ३.५ मिमीची तार लावायची.